आई नवगावला गेली आहे

२८ ऑगस्ट २०१८, मंगळवार

पेरू चिरून दिला. अब्राहमनी फोड हातात धरली, उलटसुलट न्याहाळली आणि खाण्याआधी बराखा म्हटली, देवाचे आभार मानायची. झाडाच्या फळाची. एकही शब्द न गाळता, सावकाश. सकाळी मात्र माझं नाव आठवत नव्हतं. "अहो बाई, जरा पाणी मिळेल का?" म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात मला 'बाई' कधी म्हटलं नव्हतं. शाळेतल्या पोरांनीच काय ते.

मी तोवर माझी फोड तोंडात टाकून मोकळी. बराखा नाही, काही नाही. म्हणत असले तरी जीभ म्हणते, डोळे गॅसकडे. आज चावायचं थांबले. मग मनातल्या मनात म्हटली. पेरू गोड निघाला. एरवी कळलंही नसतं.

संध्याकाळी नेहमीचं.
"आई कुठंय?"
"नवगावला गेल्यात."
"कधी येणार?"
"सणाला."
मग शांत बसतात.

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. त्याही गावाकडे नवगावला नव्हे, तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला. डॉक्टर म्हणतात खोडून काढू नका, त्यांच्या कलाने घ्या. घेते. पण हा सणाआधीचा महिना, पहाटे उठून देवाची क्षमा मागायचा. पहाटे मागून येते, संध्याकाळी पुन्हा नवगाव.

३० ऑगस्ट, गुरुवार

रिना खराडीहून ऑफिस संपवून थेट इकडे. हातात अ.साठी नवा निळ्या चौकडीचा शर्ट. शर्ट बघूनच ओळखलं, काहीतरी गळ्यात मारायचं आहे.

"आई, सॅमीकाका येतोय."
"कोण?"
"आई, प्लीज. पप्पांचा भाऊ. एकच आहे."
"मला वाटलं वारला असेल. आपल्याकडे कळवायची पद्धत नाही ना."

मग म्हणाली, गेले दोन-तीन महिने त्याच्याशी बोलतेय. पप्पांचं सगळं सांगितलंय. तो फोनवर लहान मुलासारखा रडला.
"पप्पांची माफी मागायचीय त्याला. दरफळणीच्या उपासाआधी."
"पप्पांना आता काय कळतंय?"
"मग तुझी काय हरकत आहे?"

पोरगी हुशार आहे. माझ्यावर गेली. राग आला की मी भांडी घासायला घेते, तशी घेतली. स्वच्छ होती ती पुन्हा घासली.

२ सप्टेंबर, रविवार

दिवसभर ते लग्न डोळ्यांपुढे. ठाण्याला होतं, फार वर्षांपूर्वी. अ. जेवणाची ताटली घेऊन उभे, आणि अश्दोदहून आलेली एक बाई, ओळख ना पाळख, म्हणाली, "तुमच्या आई गेल्यापासून सॅमी अगदीच खचला हो." अ. म्हणाले, "कोणाच्या आई?" तिचा चेहरा उतरला. मी ताटली धरली म्हणून पडली नाही.

जाऊन महिना उलटून गेला होता. आणि भावाने कळवलं नव्हतं. दोघांचं जुनं भांडण, त्याचा राग काढला असं मी धरलं.

पुण्याला आलो ते थेट दाऊदकाकांकडे. आमच्या रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमधल्या प्रार्थना तेच चालवायचे, अजूनही चालवतात. ते म्हणाले, महिन्याच्या आत कळलं असतं तर सात दिवस सुतकात जमिनीवर बसायचं. आता फक्त एक तास. नियम तसा आहे.

अ. घरी येऊन चटईवर बसले. एक तास. मी दारात उभी. तास झाला, उठले, चपला घातल्या आणि कामावर गेले. आईसाठी तेवढंच. त्यानंतर भावाचं नाव घरात निघालं नाही. अ.नी काढलं नाही आणि मी काढू दिलं नाही. आता अ. ते सगळं विसरलेत. लक्षात ठेवणारी मी एकटी उरले.

४ सप्टेंबर, मंगळवार

प्रार्थना झाल्यावर दाऊदकाकांना गाठलं. नव्वदीला आले असतील, कान गेले, जीभ शाबूत.

विचारलं, अ.च्या वतीने मी माफ करू शकते का?
"नाही. ज्याचं दुखलं त्यानेच करायचं. देवसुद्धा दुसऱ्याच्या वतीने करत नाही, तू कोण लागून गेलीस?"
"त्यांना आठवत नाही."
"मग त्यांचं त्यांच्यापुरतं. तुझं दुखलंय का?"
मी पदर सारखा केला.
"दुखलं असेल तर तुझ्या वाट्याचं तू बघ. त्याने तीनदा येऊन मनापासून मागितली आणि तू तशीच घट्ट बसलीस, तर ओझं त्याच्याकडून निघून तुझ्याकडे येतं. घेशील?"

नवगावच्या खोट्याबद्दलही विचारलं. हसले. म्हणाले, शास्त्रातली सारा नवऱ्याला म्हातारा म्हणाली, देवाने त्या अब्राहमला सांगताना तेवढं गाळलं. घरात शांतता राहावी म्हणून. "पण देवाने एकदाच गाळलं हो, मिल्का. तू रोज गाळतेस. गाळताना जागी राहा म्हणजे झालं. सवयीने खोटं बोलू नये."

१० सप्टेंबर, सोमवार. नव्याचा सण

नव्या वर्षाचा चिकाचा हलवा केला. नारळाचं दूध, साखर, वेलदोडा, ढवळून ढवळून खांदा गेला. अ. वडी तोंडात घालून डोळे मिटून बसले. "आईने केलाय." म्हटलं, हो. हे खोटं धरायचं की नाही, माहीत नाही. शिकवला त्यांनीच.

१२ सप्टेंबर, बुधवार

आला. उद्या गणपती, सगळा रस्ता मांडवांनी अडवलेला. टॅक्सी कोपऱ्यावर सोडून बॅग ओढत चालत आला. मी गॅलरीतून बघत होते. ओळखला नाही. केस गेले, पोक आलं. मग मान वर करून बघितलं त्याने. सासूबाईंचे डोळे.

दार उघडलं. "वहिनी."
म्हटलं, "चपला बाहेर काढा." पहिलं वाक्य हे.

अ. पेपर उलटा धरून बसले होते. वर बघितलं. मला 'बाई' म्हणणारा माणूस, पोटच्या मुलीला 'ताई' म्हणणारा. म्हणाले,
"सॅमी! किती उशीर? आई ओरडेल."

सॅमीभावोजी गुडघ्यावरच बसले. अ. त्यांच्या टकलावरून हात फिरवत होते. "केस कोणी कापले रे तुझे?"

मी आत गेले. चहा टाकायला. चहा टाकला नाही.

बाहेर आले तर अ. विचारत होते, "आई कुठंय?" भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नवगावला गेल्यात. भावोजींचा चेहरा... लिहिता येत नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

शब्बाथचे दिवे लावायच्या आधी भावोजींनी अ.ची खुर्ची खिडकीशी ओढली, समोर बसले. माझ्यादेखतच.

"दादा, मला माफ कर."
"का रे?"
"मी फार वाईट वागलो तुझ्याशी."
अ.नी कपाळाला आठ्या घातल्या. मग, "माझी सायकल नेलीस?"
भावोजींनी मान डोलावली.
"पंक्चर केलीस परत?"
भावोजींनी हात जोडले.
"जा, केलं माफ. काढून आण पंक्चर."

रिना हसली, मग तोंड फिरवून रडली. भावोजी मला म्हणाले, "हे धरता येणार नाही ना, वहिनी?"
म्हटलं, "सायकलीपुरतं धरा."
टोचेल म्हणूनच बोलले. टोचलं.

१६ सप्टेंबर, रविवार

नीट लिहायला हवं आजचं.

सकाळी रिना नव्हती. मी पोळ्या करत होते. बाहेर अ. नेहमीसारखं, "आई कुठंय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजी म्हणाले, "दादा, आई गेली."

लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. मारलंच असतं.

"कुठे गेली?"
"वारली, दादा. मी सांगायला आलोय."

अ.चा चेहरा हळूहळू उघडा पडत गेला. इतक्या महिन्यांत एवढं भान त्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं. मी भावोजींना म्हणत होते, गप्प बसा, कशाला, कशाला. अ.नी हात वर केला, मला थांबवलं. मग तो हात शर्टाच्या गळ्याकडे नेला, रिनाने आणलेला चौकडीचा शर्ट, आणि ओढू लागले. आमच्यात मरणाची बातमी ऐकली की अंगातला कपडा फाडतात. फाटेना. बोटांत जोर कुठे राहिलाय. पुन्हा ओढला. मग माझ्याकडे बघितलं. बाई म्हणून नाही. मिल्का म्हणून बघितलं.

मी आतून कात्री आणली. गळ्याशी बारीक कापलं. पुढचं त्यांनी फाडलं. आईसाठी हृदयाच्या बाजूला, डावीकडे, तेसुद्धा चुकले नाहीत.

जमिनीवर बसले. त्यांना खाली बसवायला दोघं लागलो. भावोजी शेजारी बसले.

"शेवटी काही म्हणाली?"
भावोजींनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "म्हणाली, अब्याला बोलव. मी म्हटलं, उद्या फोन लावतो. त्याच दिवशी गेली."

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

अ. रडत होते, आवाज न करता. बऱ्याच वेळाने भावोजींच्या मांडीवर हात ठेवला. "सॅमी, तू स्वतः येऊन सांगितलंस. बरं केलंस."

पोळी तव्यावर जळाली होती. गॅस बंद केला. अंडी उकडली. बसलेल्या माणसांना घरचं पहिलं जेवण द्यायचं नसतं, शेजारचं द्यायचं. शेजारी कोणाला काय समजावू? म्हणून बशी घेऊन जिन्यात गेले, दार ओढून घेतलं, आणि बेल वाजवून परत आत आले. कोणी बघितलं असतं तर मलाही अ.च्या डॉक्टरांकडे नेलं असतं.

दोघांनी अंडी खाल्ली. मीठ न लावता. बाहेर मांडवात आरती सुरू झाली. अ. तसेच बसून होते, भिंतीला टेकून, भाऊ खांद्याला खांदा लावून. दुपारभर. मग डोळा लागला. उठल्यावर शर्टाकडे बघून म्हणाले, "हा कोणी फाडला?"

१७ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पुन्हा, "आई कुठंय?"

मी बघितलं भावोजींकडे. सांगणार असलात तर सांगा. ओठ हलले त्यांचे. मग, "नवगावला गेली आहे, दादा."
"कधी येणार?"
"सणाला."
उठून न्हाणीघरात गेले. नळ सोडलेला ऐकू येत होता, बराच वेळ.

नंतर स्वयंपाकघरात आले. मी भाजी निवडत होते, समोर बसून तेही निवडू लागले. माठ.
"पहिल्या दिवशी फोन हातात घेतला होता, वहिनी. पण तो पहिलं विचारणार, आई शेवटी काय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. मग आठवडा गेला. मग आता आठवड्याने काय सांगू, म्हणून नाही. रोज जरा जास्त अवघड. तुम्हांला वाटलं असेल मी भांडणाचा डूख धरला."
"हो. तेच वाटलं."
"ते परवडलं असतं."

मग म्हणाले, "मला माफ करा. दादाकडे मागायचं ते मागितलं. हे तुमच्याकडे मागतोय. तुम्ही त्याच्याजवळ होतात."

मी काड्या मोडत राहिले. माठाच्या काड्या. म्हटलं, कोवळी पानं वेगळी ठेवा, टाकू नका.

काल ज्याला लाटण्याने मारणार होते त्याने माझ्या नवऱ्याला आईचं दुःख परत दिलं. आणि ते त्याने हिरावलं होतं म्हणूनच परत द्यावं लागलं. दोन्ही खरं. कुठलं आधी मोजायचं, समजत नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी दरफळणी लागणार. दुपारी लवकर जेवणं. अ.ना उपास नाही, दाऊदकाकांनी बजावून सांगितलंय की आजाऱ्याने उपास धरणं हेच पाप. पण ते ऐकेनात. उद्या सगळे जेवणार नसतील तर मीही नाही, म्हणाले. कसं समजलं?

पांढरे कपडे कपाटातून काढले. भावोजींकडे पांढरा शर्ट नव्हता, अ.चा दिला. बाही लांब झाली, दुमडली मी. दुमडताना ते म्हणाले, "वहिनी, पुन्हा मागतो."

मनगटाशी होते माझे हात. म्हणायचं होतं, केलं. शब्द सोपा आहे, शाळेत पोरांना दिवसाकाठी शंभर वेळा म्हणत असे. पण तो एक तास... दारात उभी होते मी. त्या माणसाची पाठ बघत.

म्हटलं, "दुसरी बाही द्या."

२० सप्टेंबर, गुरुवार. शिळा सण

काल दरफळणी, लिहिता आलं नाही, लिहायचं नसतं. आज.

काल दिवसभर प्रार्थनेत. मी वर, बायकांच्या गॅलरीत. पूर्वी इथे बसायला जागा नसायची, आता खुर्च्यांवर पर्स ठेवा नाहीतर पाय. सकाळपासून नुसती पानं उलटत होते. "आम्ही चुकलो" म्हणून छातीवर हात मारायचा. मारत होते, मन कुठे. मग ठरवलं की एका ओळीला तरी हजर राहायचं. पुढची ओळ होती ती हट्टाने मन कठीण केल्याबद्दलची. बरोबर तीच यायची होती.

दुपारी गेलेल्यांच्या नावाने हष्काबाची प्रार्थना झाली. सासूबाईंचं नाव वाचलं. जुनी माणसं म्हणायची, दरफळणीला आपली गेलेली माणसं घरी येऊन जातात. खाली बघितलं. नाव ऐकून अ.नी मान वर केली नाही. भावोजींनीच केली.

संध्याकाळी बाहेर ढोल. मंडळाचं पथक नेमकं आमच्या फाटकासमोर. दाऊदकाकांचा आवाज आधीच बारीक, पार बुडाला. आत शेवटची प्रार्थना, स्वर्गाची दारं मिटायची वेळ, आणि बाहेर ताशा तडतडतोय. अ. ढोलाच्या ठेक्यावर मान हलवायला लागले. मजेत. एरवी मला ओशाळल्यासारखं झालं असतं. भावोजींनी आपली शाल त्यांच्याही डोक्यावरून घेतली. दोन म्हातारी डोकी एका शालीत, एक ठेक्यावर डोलतंय, एक रडतंय. मी बघत राहिले. पुस्तक मिटून नुसती बघत राहिले. त्या वेळेपुरता राग नव्हता. म्हणजे गेला असं नाही. तिथे नव्हता एवढंच.

शोफार, एडक्याचं शिंग, वाजला तेव्हा ढोल थांबले होते. योगायोग. पथक चहा प्यायला गेलं असेल.

आज शिळा सण, माणसं येऊन गेली, करंज्या संपल्या. रात्रीच्या विमानाने भावोजी परत. मुंबईची टॅक्सी चारला.

निघताना अ.च्या पाया पडले. अ. म्हणाले, "लवकर ये. आणि दप्तर विसरू नकोस." चौकडीचा फाटका शर्ट भावोजींनी मागून घेतला. दिला. शिवू का विचारलं तर म्हणाले, नको, असाच.

दारात माझ्याकडे वळले. तोंड उघडलं. तिसऱ्यांदा मागणार हे कळलं, आणि मी काय उत्तर देणार ते मलाच माहीत नव्हतं. आणि माझ्याच तोंडातून आधी निघून गेलं,
"पोहोचलात की फोन करा."

आपण कुणालाही म्हणतो तसं. पण ते जागच्या जागी थांबले. मीही. कुणाला म्हणाले ते तेव्हा कळलं.

"करतो," म्हणाले. मग जिना उतरले. मागायचं ते राहिलंच.

त्यांना मागू दिलं नाही ते बरं केलं की वाईट, दाऊदकाकांना विचारणार नाही. ते उत्तर देतील.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

विमान सकाळीच उतरलं. रिनाने बघितलं मोबाइलवर. तिने फोन लावला तर त्यांचा बंद. "आई, झोपला असेल. म्हातारा माणूस, एवढा प्रवास. तू लगेच सुरू होऊ नकोस."
"मी काही बोलले का?"
"भांडी घासतेयस."

दुपार गेली. नाही.

दिवे लावायची वेळ झाली. दिवे लागले की शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत मी मोबाइल बंद करून कपाटात ठेवते. रिना चिडते, मी ऐकत नाही. आज ठेवला नाही. चालू ठेवलाय, टेबलावर, दिव्यांपासून लांब. वाजला तर उचलेन का? शब्बाथला? माहीत नाही. हे लिहितेय तोवर अजून उजेड आहे, आता पेन ठेवायला हवं.

अ. शेजारी येऊन बसले. "कोणाची वाट बघतेस?"

'बघतेस' म्हणाले.

"सॅमीची."
"येईल की. रमला असेल कुठेतरी." माझ्या हातावर हात ठेवला. "रागावू नकोस त्याला."